चकवादेवाचं नाक

"नाक काढा आणि मोकळे व्हा एकदाचे," मी म्हटलं.

हे तसेच बसून. जेवणाच्या टेबलावर कागद, कागदावर नदी आणि काठाला पडलेलं प्रेत. फक्त चेहऱ्यातल्या नाकाची जागा कोरी. पेन्सिल ह्यांची, शाई माझी, असा आमचा संसार. सकाळपासून माझी शाई ताटकळली होती.

"मालकांनी बजावलंय," हे म्हणाले. "देवाचं प्रेत ठळक दिसलं पाहिजे. म्हणजे वाचक त्याला परत मागणार नाहीत."

सूर्याचे घोडे पळवले म्हणून स्वर्गातून हाकललेला हा आमचा चकवादेव. मासिकातल्या आमच्या चित्रकथेत तो पृथ्वीवर येऊन सरकारी गुप्तहेर झाला. हवं ते रूप घ्यायचा, आज पोस्टमन, उद्या शत्रूच्या सेनापतीची सासू. नाक मात्र काही केल्या बदलायचं नाही, ते डावीकडे वाकडंच. दर महिन्याला पोरं गर्दीच्या चित्रात ते नाक शोधत बसायची. आता पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. खप पार बसला आणि मालकांनी देवाला मारायचा हुकूम काढला.

ते नाक माझ्या दिराचं. भाऊजी म्हणजे अट्टल नकल्या माणूस. मास्तरांच्या आवाजात अख्ख्या वर्गाला सुट्टी देऊन टाकायचे. एकदा तर वडिलांच्या ऑफिसातल्या साहेबांचा आवाज काढून प्रत्यक्ष वडिलांनाच फोनवर झापलं. मामंजी भडकले. "पुन्हा तोंड दाखवू नकोस," म्हणाले. उभ्या जन्मात या माणसाने कुणाचं ऐकलं नाही, आणि ऐकलं ते नेमकं हे. गेले ते गेलेच. शोधून शोधून आम्ही थकलो. मग ह्यांनी तेच तोंड दर महिन्याला छापायला सुरुवात केली. कुठेतरी त्याच्या नजरेला पडेल, घरी आपल्याला कुणी विसरलेलं नाही हे त्याला कळेल, एवढीच वेडी आशा.

"हे प्रेत त्याने पाहिलं तर?" हे म्हणाले. "म्हणेल, दादानेही मला मेलेला धरला."

मला भाऊजींचा राग होता, अजूनही आहे. पण तेव्हा मी शाईच्या बाटलीला झाकण लावून टाकलं.

संध्याकाळी ह्यांनी कसंबसं ते वाकडं नाक काढलं, कागद माझ्यापुढे सरकवला आणि चपला घालून बाहेर पडले. मी नदी भरली, काठ भरला, कपडे भरले. नाकाशी आले आणि हात अडला. मनात म्हटलं, खड्ड्यात गेले मालक. पेन्सिलची रेघ सोडून मी चांगलं सरळ नाक काढलं, दुसऱ्याच कुणाचं तरी, आणि वरून खोडरबर फिरवला.

मालकांना काही कळलं नाही. "झकास मेलाय," म्हणाले. छापील अंक घरी आला तेव्हा ह्यांनी ते पान बराच वेळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी नीट जेवले.

पुढच्याच आठवड्यात, दुपारी, घरातला जुना फोन वाजला. सगळे मोबाइलवर करतात, तरी ह्यांनी तो कधी काढू दिला नव्हता.

"वहिनी, प्रेताचं नाक सरळ कसं हो?"

आवाज थकला होता. पण मी ओळखला.

"कुठे उलथला होतात इतकी वर्षं?" मी म्हटलं. "जीव टांगणीला लावलात आमचा."

"म्हणजे तो मेला नाही ना?"

"नाही हो, नाही मेला. थांबा, दादांशी बोला."

ह्यांच्या हातात फोन दिला. पाठीवर थोपटलं. मी कान लावून उभी होते, खोटं कशाला सांगू.

"दादा," भाऊजींनी हळूच विचारलं, "बाबा घरात आहेत का?"

ह्यांनी डोळे मिटले. "नाहीत रे. गेले ते. शेवटपर्यंत तुझी वाट बघत होते."

पलीकडून नुसतं रडणं ऐकू येत होतं. ह्यांनी फोन खाली ठेवला नाही. "ये तू," म्हणत होते, "आता ये."

मी आतल्या खोलीत गेले. भाऊजींच्या कॉटवर जुन्या अंकांचे गठ्ठे रचलेले होते. मला इतकं हलकं वाटत होतं की कंबरेचं दुखणंही विसरले. एकेक गठ्ठा उचलून मी जमिनीवर ठेवायला लागले.