उजव्या कानाने ऐकलेले अल्बम

थोडं मोठ्याने बोललो तर रागावू नका, जन्माची खोड आहे. मी श्रवणयंत्र. एका निवृत्त मशीनमनच्या उजव्या कानामागे माझा मुक्काम असतो. छापखान्यात चौतीस वर्षं धडधडत्या मशीनशेजारी उभं राहून माझ्या या मालकांचा डावा कान पार गेला. उजव्यात थोडी धुगधुगी होती, म्हणून मला बोलावणं आलं.

जन्मलो कारखान्यात, पण मला माणसांत आणलं ते कानाच्या तज्ज्ञ बाईंनी. त्यांनी मालकांच्या कानाचा साचा घेतला, मला संगणकाला जोडून माझा आवाज जुळवला आणि विचारलं, "आता कसं वाटतंय?"

"तुमची खुर्ची करकरते," मालक म्हणाले.

पहिला महिना मी डबीतच काढला. नळाचा, भांड्यांचा, स्वतःच्या चावण्याचा आवाज मालकांना सोसेना. त्यात मी नीट बसलो नाही की शिट्टी मारायचो. शेवटी सूनबाईने कंबर कसली. ती दवाखान्यात एक्स-रे काढते. माणसाला न हलता बसवायची कला तिला अवगत. तज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं, कानाला सतत काम द्या. म्हणून तिने जुनी गाणी लावली. मालक छान मान डोलवायचे. पण एकदा माझी बॅटरी संपली होती, तरी मान तितकीच डोलत होती! जुनं गाणं माणूस आठवणीनेच ऐकतो, हे तिने ओळखलं.

"बाबा, आता नवं ऐकायचं. तुम्हीही न ऐकलेलं, मीही न ऐकलेलं. रॉक, पॉप, हाताला लागेल ते. अख्खा अल्बम, मध्ये बोलायचं नाही."

"आणि नाही आवडला तर?"

"तर शिव्या घाला. पण ऐकून."

झालं! दर रविवारी दुपारी दोघं स्पीकरसमोर बसू लागली. मी मुळात बोलणं ऐकवायला घडवलेला. गिटार किंचाळली की माझी त्रेधातिरपीट उडायची. तज्ज्ञ बाईंनी गाण्यांसाठी वेगळी जुळणी करून दिली, तेव्हा कुठे जिवात जीव आला. मालकांची मतं मात्र पहिल्या दिवसापासून खणखणीत.

"मांजराच्या शेपटीवर पाय पडलाय," पहिल्याच गिटारीबद्दल ते म्हणाले, "पण मांजराला मजा येतेय!"

एका पॉप गायिकेबद्दल म्हणाले, "बाई एकच ओळ अकरा वेळा म्हणते. दहा वेळा पटत नाही, अकराव्यांदा पटतं." सूनबाईला तो अल्बम गुळमट वाटला. त्यावरून दोघं संध्याकाळपर्यंत भांडली. "काय?" आणि "काही नाही" यापलीकडे ज्या घरात शब्द जात नव्हता, तिथे हे भांडण मला फार गोड वाटलं.

या बैठकीकडे एकच माणूस फिरकत नसे, मालकांचा मुलगा. तो लिफ्ट दुरुस्त करतो. विशीत त्याने मित्रांबरोबर बँड काढला होता, एक अल्बमही केला होता. पहिली सीडी वडिलांच्या हातात दिली. आठवड्याने त्यांनी ती अवाक्षर न काढता त्याच्या टेबलावर परत ठेवली. पुढे बँड मोडला आणि बापलेकांत वीस वर्षं कामापुरतंच बोलणं उरलं.

एका रविवारी सूनबाईने कपाटावरच्या खोक्यातून एक सीडी काढली. वर नाव ना चित्र.

"कुणाची गं?"

"मीही नाही ऐकलेली," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते. नवऱ्याने तिला कधी ऐकूच दिली नव्हती.

मालक डोळे मिटून बसले. तिसऱ्या गाण्याला त्यांनी मला बोटाने घट्ट दाबून धरलं. शेवटचं गाणं संपलं तसे म्हणाले, "गाणारा कच्चा आहे. शब्द बरे आहेत. पण तो ड्रमवाला! सगळ्यांच्या पुढे पळतोय लेकाचा, आणि तरी त्याच्याच मागे जावंसं वाटतं."

"स्टुडिओ चारच तास मिळाला होता," दारातून आवाज आला. मुलगा हत्यारांची पिशवी खांद्याला लावून उभा होता. "म्हणून पळत होतो."

मालकांनी त्याच्याकडे पाहिलं. "हीच ती?"

"हीच. तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"काय बोलणार? तीनदा लावली होती मी. नुसती धडधड! एक शब्द लागला नाही रे. कान तेव्हाच गेले होते."

"मग सांगायचं ना, बाबा!"

"कुणाला? तू आईला सांगितलं असतंस, ती शेजारणीला, आणि बातमी छापखान्यात. ऐकू न येणाऱ्या माणसाला मशीनवर कोण उभं करतं?"

मुलगा यावर हसला की रडला, ते कान देऊन ऐकूनही मला सांगता येत नाही. बूट न काढताच तो सतरंजीवर बसला. मग म्हणाला, "गाणारा कच्चा होता खरा. त्याच्याकडे गाडी होती, म्हणून घेतला होता."

मालक इतके हसले, की मी कानावरून निसटून त्यांच्या मांडीवर पडलो.

त्याला आता दोन वर्षं झाली. माझं झाकण सैल झालंय, चिकटपट्टीवर दिवस काढतोय. पुढच्या महिन्यात माझ्या जागी नवं यंत्र येणार आहे. येऊ दे बापडं. जाता जाता तुम्हाला एवढीच विनंती: तुमचं काही ऐकून घरातलं माणूस गप्प राहिलं, तर लगेच रुसू नका. जवळ जाऊन विचारा, आवडलं नाही की ऐकू आलं नाही? वीस वर्षं वाचतील.

बरं, आजचा अल्बम मुलाने निवडलाय आणि मालक आत्तापासूनच नाक मुरडतायत. सूनबाई दोघांना गप्प बसवतेय. सुरू झाला बघा. मला कामाला लागायला हवं.