शेजारच्या सीटवरचं काम

ग्रंथपालांना शर्यतीच्या जुन्या गाड्यांबद्दल सगळं ठाऊक होतं, फक्त गाडी चालवता येत नव्हती. स्कूटरही येत नव्हती. निवृत्त होईपर्यंत ते वाचनालयात सायकलने गेले, आणि उतार आला की तीही हातात धरून.

तरी जुन्या गाड्यांच्या मंडळात त्यांना मान होता. मंडळ म्हणजे एका गॅरेजच्या मागची खोली, एक तेलकट टेबल आणि घरी ज्यांचं कुणी ऐकून घेत नाही अशी रविवारी जमणारी पाच-सहा माणसं. प्रत्येकाकडे आठवणी होत्या. घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या घड्याळजींनी लहानपणी एका शर्यतीत निखळलेलं चाक गडगडत येऊन वडिलांच्या खुर्चीला टेकलेलं पाहिलं होतं. दर वर्षी ते चाक थोडं मोठं होत असे, पण चाक खरं होतं. ग्रंथपालांची आठवण मात्र “मी असं वाचलंय की” अशी सुरू व्हायची. मग घड्याळजी म्हणायचे, “पान सांगा, पान.” सगळे हसायचे. ग्रंथपालही हसायचे. घरी जाताना मात्र त्यांना वाटायचं, जन्मभर आपण दुसऱ्यांच्या आठवणींना पुठ्ठे चढवत आलो. आपली स्वतःची एक तरी असावी. लहान चालेल. कडेला फाटलेलीही चालेल.

ती संधी पाठदुखीच्या रूपाने चालून आली. पाठ मंडळातल्या दंतवैद्यबाईंच्या भावाची होती. बाईंकडे वडिलांची शर्यतीची गाडी होती. लांब नाकाची, दोन माणसांची, वर टप नसलेली. जुन्या गाड्यांच्या मेळ्यात ती दर वर्षी प्रेक्षकांसमोर एक फेरी मारायची. चालवायच्या बाई, शेजारी भाऊ. आता भाऊ पालथा पडून होता.

“काका, तुम्ही याल?” बाईंनी विचारलं. “काम एकच आहे.”

ते काम ग्रंथपालांना तोंडपाठ होतं. या गाडीची पेट्रोलची टाकी मागे, खाली. पेट्रोल आपण होऊन इंजिनपर्यंत चढत नाही. शेजारी बसलेल्याने हातपंपाने टाकीत हवा भरत राहायची, म्हणजे त्या दाबाने पेट्रोल पुढे जातं. समोर दाबाचा काटा असतो. काटा पडू द्यायचा नाही. यावर त्यांनी मंडळात एकदा व्याख्यानही दिलं होतं. दोन जण जागे होते.

“जमेल ना तुम्हाला?” बायकोने घरी विचारलं. “परवा मिक्सरचं झाकण धरायला सांगितलं होतं, तर चटणी छताला लागली.”

“तेव्हा मी विचारात होतो.”

“तेच म्हणतेय मी.”

मेळ्याच्या दिवशी ग्रंथपालांनी चामड्याची टोपी घातली, ती कानांवर आली. चष्मा घातला, तो टोपीवर आला. कुंपणाशी बायको पिशवी घेऊन उभी होती. शेजारी घड्याळजी, चेहऱ्यावर उघड मत्सर. गाडी गुरगुरली, निशाण पडलं आणि ती निघाली.

पहिला सरळ रस्ता ग्रंथपालांनी इमानाने पंप मारला. मग इंजिनाचा आवाज चढला आणि त्यांचं मन भरून आलं. ज्या आवाजाची वर्णनं त्यांनी वाचली होती, तो हाच. त्यांना राहवलं नाही.

“डॉक्टर, ऐका,” ते ओरडले, “हा जो मधे खरखरतो ना, तो मॅग्नेटो. ठिणगी देणारा. या बनावटीत तो फार खट्याळ. एकदा एका शर्यतीत काय झालं...”

ते सांगत गेले. हातवारे केल्याशिवाय त्यांना सांगता येत नसे. वळण आलं, गेलं. प्रेक्षकांचा कठडा दिसू लागला. गाडी एकदा खोकली, दोनदा खोकली, आणि कठड्यासमोर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, गप्प झाली.

“मॅग्नेटो,” ग्रंथपाल म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण थोडा आनंदही होता. “मी म्हटलं नव्हतं?”

कठड्याशी गर्दी वाकली. काय झालं, काय झालं. जन्मात एवढ्या गर्दीसमोर न बोललेले ग्रंथपाल सीटवर उभे राहिले आणि मॅग्नेटोची हकिगत सांगू लागले. डावा हात ठिणगी झाला, उजवा तिच्याकडे धावणारी तार. लोक माना डोलावत होते. घड्याळजीसुद्धा. आणि वाक्याच्या मधोमध ग्रंथपालांना दिसलं की आपले दोन्ही हात हवेत आहेत.

त्यांनी खाली पाहिलं. पंपाचा दांडा आपला निवांत होता. काटा शून्यावर झोपला होता.

अजूनही मॅग्नेटोवर ढकलता आलं असतं. सगळ्यांची खात्री पटली होती. बाई तर बॉनेट उघडायला खालीही उतरत होत्या. ग्रंथपाल बसले.

“डॉक्टर, उतरू नका. मी पंप मारला नाही.”

“कधीपासून?”

“बोलायला लागल्यापासून.”

बाईंनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. त्यांचे खांदे हलत होते. रडतायत की हसतायत हे ग्रंथपालांना कळेना, आणि विचारायचा धीर होईना.

निशाणवाला धावत आला. “बाई, चालू होत असेल तर अजून एक फेरी घ्या, नाहीतर गाडी बाजूला ढकलू.”

“मी उतरतो,” ग्रंथपाल म्हणाले. “घड्याळजींना बसवा. हात स्थिर आहे त्यांचा.”

कठड्यावरून घड्याळजींचा एक पाय अलीकडे आलासुद्धा होता.

“नको,” बाई म्हणाल्या, “ते चाकाची गोष्ट सांगतील. बसा काका. मारा पंप. आणि हे बघा, आजवर मी माणसांना फक्त तोंड उघडा एवढंच सांगत आलेय. तुम्ही तेवढं मिटा.”

ग्रंथपालांनी तोंड मिटलं आणि पंप मारला. गाडी कुरकुरत जागी झाली. त्यानंतर त्यांनी मान वर केली नाही. काटा खाली झुकला की दोन दणके, वर गेला की दम. खांदा भरून आला, टोपी डोळ्यांवर घसरली, ती वर करायलाही त्यांनी हात सोडला नाही. एका डोळ्याने काटा दिसत होता, तेवढं पुरे होतं. वारा असेल, झाडं असतील, लोकांनी टाळ्याही वाजवल्या असतील. गाडी थांबली तेव्हासुद्धा ते पंप मारत होते.

“काका, पोचलो आपण,” बाई म्हणाल्या. “आता पुरे, टाकी फुटेल.”

मंडळातली सगळी भोवती जमली. बायकोने त्यांची टोपी उचलून घाम पुसला.

“काय हो, त्या मोठ्या वळणावर भीती नाही वाटली?”

“वळण होतं?”

“अहो, गाडी अशी कलली होती. मी डोळे मिटले.”

“मला नाही दिसलं,” ग्रंथपाल म्हणाले. “मला काहीच नाही दिसलं. मी काट्याकडे बघत होतो.” एवढी धडपड करून हाती हेच लागलं, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते आपल्या सुजलेल्या बोटांकडे बघत राहिले.

घड्याळजी मात्र पुढे सरकले. मत्सर होता तिथेच होता, पण कुतूहलापुढे त्याचं काही चालेना.

“वळणावर पडत होता का काटा?”

“पडत नव्हता. थरथरायचा.”

“कसा थरथरायचा?”

ग्रंथपालांनी बोट उभं करून दाखवलं. सगळे वाकून बोटाकडे बघू लागले.

“आणि वळण संपल्यावर?” दुसऱ्याने विचारलं.

“तिथेच तर गंमत,” ग्रंथपाल म्हणाले.

बायकोने ओळखलं की हे आता लवकर आटपत नाही. पिशवी उचलून ती सावलीत जाऊन बसली.