साठ भागिले चार

तीस वर्षं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालो, तरी शहाणपण मिरवायची खोड गेली नाही. आमच्या कॉलनीत शंभर घरं आणि आठवड्यातून एकदा पाणी. कुठल्या गल्लीला किती वेळ, ते पाच जणांची पाणी समिती ठरवते. दर वेळी तात्यासाहेबांचं पॅनेल पाचही जागा मारायचं आणि पाइपलाइनच्या टोकाला असलेल्या शेवटच्या गल्लीला जेमतेम तासभर पाणी मिळायचं. यंदा मीच सभेत उठलो. मतांच्या प्रमाणात जागा वाटू म्हणालो, आणि वेळा बदलायला चार सदस्य लागतील असा नियमही करवून घेतला. तात्यासाहेबांनी लगेच होकार दिला. तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

शेवटच्या गल्लीतल्या सत्तरीच्या जैतुनबी पंधरा दिवस दारोदार फिरल्या. एक जागा नक्की मिळेल, असं मीच त्यांना सांगितलं होतं.

तात्यासाहेबांना साठ मतं पडली, मधल्या गल्लीला सत्तावीस, जैतुनबींना तेरा. वीस मतांना एक जागा धरली की तात्यासाहेबांना तीन आणि मधल्या गल्लीला एक. उरलेल्या मतांत जैतुनबींची तेरा सर्वांत जास्त, म्हणजे पाचवी जागा त्यांची. निवडणूक अधिकारी मीच, लिहायलाही घेतलं. तेवढ्यात तात्यासाहेबांचा पुतण्या विश्वजीत, माझा जुना विद्यार्थी, माझ्याच नोट्स घेऊन पुढं आला. त्यात दुसरी पद्धतही होती. प्रत्येकाची मतं एक, दोन, तीन, चारनं भागायची आणि सर्वांत मोठ्या पाच भागाकारांना जागा द्यायच्या. साठाला चारनं भागलं की पंधरा येतात. तेरापेक्षा जास्त, म्हणजे पाचवी जागाही तात्यासाहेबांचीच.

कुठली पद्धत, हे मी नियमात लिहिलंच नव्हतं. वर्गातही तो भाग परीक्षेला येत नाही म्हणून सोडून द्यायचो. शेवटी सभेनं हात वर करून ठरवलं. विश्वजीतच्या पद्धतीला साठ हात वर झाले. दोन्ही पद्धती पुस्तकात बरोबरच आहेत, असं स्वतःला बजावत मी सही केली. त्याची लाज अजून वाटते.

पहिल्याच बैठकीत चार विरुद्ध एक मतानं शेवटच्या गल्लीचा तास वीस मिनिटांवर आणला.

दुसऱ्या दिवशी जैतुनबी दारात आल्या. भांडल्या नाहीत.

“सर, लोकं म्हनतेत, म्या जागा इकली. तुमी चला अन् सांगा त्यांना.”

मी गेलो. गणित करून दाखवलं. असं होतं तर सर आधी का बोलले नाहीत, कुणीतरी विचारलं. मी गणिताचा कागद घडी करून खिशात घातला, आणि सगळे पुन्हा जैतुनबींकडं बघायला लागले.