प्रकृतीचं पान

बाळंतपणाच्या रजेवरून परत कामावर रुजू झाले त्या दिवशी सरांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे मुलगी कोणावर गेली आहे हे फोटो बघून त्यांना कळलं नाही. दुसरी म्हणजे आमचं बसच्या तिकिटांचं ॲप्लिकेशन हल्ली दिवसातून कितीतरी वेळा मध्येच थिजतं, आणि शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही तर सोमवारपासून रात्रपाळी सुरू करायची. कोणीतरी रात्रभर बसून त्याच्यावर डोळा ठेवायचा.

"पहिला आठवडा तुम्ही घ्या," सर म्हणाले. "तुम्ही तशाही जाग्याच असता ना."

हे ते चेष्टेने बोलले नाहीत. सर चेष्टा करतच नाहीत. रात्रभर जागी असणारी बाई घरी बसून नुसती वाया जाते आहे, असं त्यांना मनापासून वाटलं होतं.

आमची गोटी रात्री उठते तेव्हा तिला फक्त मी चालते. तिचा बाप पुढे झाला की ती त्याच्याकडे, चुकीच्या घराची बेल वाजवलेल्या माणसाकडे बघावं तशी बघते आणि मग सूर लावते. रात्रपाळीचं ऐकून सासूबाई म्हणाल्या, "तिलाही ने की ऑफिसात. पगार मात्र दोघींचा माग." त्या हसल्या, पण लगेच पाळण्याकडे बघितलं त्यांनी. मीही बघितलं. शुक्रवारपर्यंत कारण शोधणं भाग होतं.

माझं कामच ते. ॲप्लिकेशन संथ का झालं, कुठे अडकलं, काय खातंय, हे शोधायचं. आमचं ॲप्लिकेशन जावा नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेलं आहे, आणि जावाची एक सवय सांगायला हवी. काम करताना ते मेमरीत पसारा मांडत जातं. हे तिकीट, ती सीट, तो प्रवासी. काम झालं की वस्तू तिथेच टाकून पुढे. मग अधूनमधून झाडू फिरतो आणि नको ते उचलून नेतो. एरवी हा झाडू कोपऱ्याकोपऱ्यातून फिरतो, कोणाला पत्ताही लागत नाही. पण कधी अख्खं घर झाडायचं ठरलं, की सगळ्यांनी पाय वर घेऊन बसायचं. तोवर काम बंद.

तर आमच्याकडे सारखे पाय वर होत होते. तिकीट खिडकीवरच्या बाईंचा फोन यायचा. "अहो, तुमचं ते परत मौनात गेलं. माझ्यासमोर एक आजोबा उभे आहेत, ते मला विचारतायत, मी काय सांगू?" तेवढ्यात ते परत चालू व्हायचं आणि बाई फोन तसाच ठेवून आजोबांशी बोलायला लागायच्या.

मेमरी कमी पडत असेल म्हणून मी आधी मेमरी बघितली. भरपूर होती. मग डेटाबेस सांभाळणाऱ्या काकांकडे गेले. सगळं ऑफिस त्यांना काकाच म्हणतं.

"माझ्याकडे बघू नकोस गं," काका म्हणाले. "माझा डेटाबेस हातावर हात ठेवून बसलाय. तुमची जावा काही विचारेल तर उत्तर देईल ना तो."

टेस्टरने तिच्याकडच्या चाचणीच्या मशीनवर हजारो खोटी तिकिटं काढून दाखवली. एकदाही अडकलं नाही. "माझ्याकडे गुणी बाळासारखं वागतं, ताई," ती म्हणाली. "तुमच्याकडेच लाडावलंय."

माझ्या रजेत ऑफिसात एकच नवीन गोष्ट झाली होती, ती म्हणजे 'प्रकृती'. मी नव्हते तेव्हा एका सकाळी ॲप्लिकेशन पूर्ण बंद पडलं होतं आणि बस कंपनीच्या मालकांचा फोन येईपर्यंत आमच्यातल्या कोणाला ते कळलंच नव्हतं. सरांनी त्याची अशी धास्ती घेतली, की त्यांनी ॲप्लिकेशनची तब्येत दाखवणारं एक पान बाहेरच्या माणसाकडून बनवून घेतलं. त्यावर एक हिरवं हृदय धडधडायचं. खाली तक्ता: या क्षणी मेमरीत खरोखर वापरात असलेली तिकिटं इतकी, सीट इतक्या, प्रवासी इतके. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर ते पान कायम उघडं. प्रत्येकाच्या टेबलावर उघडं, आपोआप ताजं होणारं. सरांच्या मोबाइलवरही. तापातल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तसे सर येताजाता त्या पानाला हात लावायचे.

ॲप्लिकेशन थिजलं की सगळे 'प्रकृती' उघडून बघायचे, काय झालं म्हणून. मीही बघायचे. हृदय अडकलेलं दिसायचं. मग सगळे पान ताजं करायचं बटण परत परत दाबायचे.

बुधवारी ऑफिसचं इंटरनेट गेलं.

ॲप्लिकेशनचं मशीन दुसऱ्या इमारतीत आहे, त्यामुळे ते चालू होतं. फक्त आम्हाला ते दिसत नव्हतं. ऑफिसात एकदम कोणी आजारी माणूस ऑपरेशनला आत गेल्यासारखी शांतता पसरली. सर मोबाइल उंच धरून खिडकीपाशी, जिन्यात, खुर्चीवर चढून रेंज शोधत फिरत होते. "आत्ता काय चाललं असेल तिकडे?" ते दर थोड्या वेळाने विचारायचे.

मला मात्र वेगळंच काहीतरी खुपत होतं. घरी गोटी फार वेळ गप्प असली की मला खुपतं तसं. मी जरा विचार केला आणि लक्षात आलं: फोन वाजला नव्हता. खिडकीवरच्या बाई केव्हाच्या गप्प होत्या.

मीच त्यांना फोन लावला.

"आत्ता कशाला फोन केलात?" त्या घाईने म्हणाल्या. "नुसतं पळतंय आज. रांग संपवली मी. जे काय केलंत ते असंच राहू द्या."

आम्ही काहीच केलं नव्हतं. आम्ही आंधळे झालो होतो, एवढंच.

दुपारी इंटरनेट आलं. सगळ्या मजल्याने एका दमात 'प्रकृती' उघडलं आणि पुढच्याच क्षणी बाईंचा फोन. "काय हो, नजर लावलीत का?"

मी फोन ठेवला आणि झाडू कधी फिरला, का फिरला, याची जावा जी नोंद ठेवते ती उघडली. मोठी झाडलोट दर वेळी का झाली, त्याचं कारण तिथे असतं. मेमरी भरली म्हणून, असं एकदाही नव्हतं. दर वेळी एकच कारण: कोणीतरी मोजदाद मागितली म्हणून.

त्या तक्त्याने केलेला घोळ होता तो. 'खरोखर वापरात असलेली' तिकिटं किती, हे सांगायचं तर मशीनला आधी सगळा कचरा काढावा लागतो, मगच उरलेलं मोजता येतं. म्हणजे कोणीही पान उघडलं की अख्खं घर झाडायचं. पाय वर. टेस्टरच्या मशीनला काही होत नव्हतं, कारण त्याची प्रकृती कोणी विचारतच नव्हतं.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. काका आणि टेस्टर मागोमाग आलेच.

"म्हणजे आपण बघतो म्हणून ते थांबतं?" सरांनी विचारलं.

"हो, सर."

"आणि ते थांबतं म्हणून आपण बघतो."

"हो, सर."

"संसार आहे हा," काका म्हणाले.

सर हळूच म्हणाले, "पण न बघता कळणार कसं, बरं आहे की नाही ते?"

त्याच सकाळी, सगळं घर मुश्किलीने झोपलेलं असताना, मी गोटीच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघितलं होतं. चालू होता. ती जागी झाली, मग सासूबाई जाग्या झाल्या, मग शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली. हे सगळं सरांना सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "सर, उद्या सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत कोणीच बघायचं नाही. खरंखोटं होऊन जाईल."

गुरुवारी टेस्टर टेबलाटेबलाने फिरून पान बंद करून आली. एकाने चोरून ठेवलं होतं, त्याचे कान उपटले. काकांनी भिंतीवरच्या पडद्यावर स्वतःचा कोट टाकला.

"काका, आपण नाही बघितलं तरी तो पडदा बघतोय," मी म्हटलं.

"झाकलाय की."

"तो स्वतःहून प्रकृती विचारत राहतो, काका. त्याला झाकून काही होणार नाही."

शेवटी पडद्याचा प्लग शोधून उपटला. सरांनी माझ्यासमोर मोबाइल टेबलाच्या खणात ठेवला आणि खण बंद केला.

सकाळ गेली. फोन नाही. कोणी काम करत नव्हतं, सगळे फोनकडे बघत होते, पण फोनकडे बघितल्याने कोणाचं काही थांबत नव्हतं. मी घरीही फोन केला नाही, ओठ चावत बसले. सर केबिनमध्ये येरझाऱ्या घालत होते. मग बाहेर आले. "हात धुऊन येतो," म्हणाले आणि घाईने गेले.

थोड्या वेळाने फोन वाजला.

"गेलं बघा मौनात," बाई म्हणाल्या. "इतकी छान चालली होती सकाळ."

मी फोन खाली ठेवला. सगळा मजला वॉशरूमच्या दाराकडे बघत होता. सर बाहेर आले.

"धुतले हात?" काकांनी विचारलं.

"हो."

"कोरडेच दिसतायत."

सरांनी खिशातून मोबाइल काढून मुकाट्याने माझ्या टेबलावर ठेवला. याहून चांगला पुरावा मला मिळाला नसता, आणि सरांइतका तो कोणालाच पटला नसता. "एकदाच बघितलं," ते म्हणाले. "बरं होतं अगदी. म्हणजे, मी बघेपर्यंत."

मी तो तक्ता काढून टाकला. त्याच्या जागी, जावा चालता चालता स्वतःच जे आकडे लिहीत जाते तेवढेच घेतले: तिकीट निघायला किती वेळ लागतो, झाडायला किती. ते बघितल्याने कोणाला पाय वर घ्यावे लागत नाहीत. हृदय तसंच ठेवलं, सरांसाठी.

"आत तिकिटं किती आहेत ते आता नाही कळणार?" सरांनी विचारलं.

"ते कळून आपण काय करायचो, सर?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "काही नाही. बरं वाटायचं."

शुक्रवारी दिवसभर बाईंचा फोन आला नाही. संध्याकाळी मी पर्स आवरत होते तेव्हा सरांनी बोलावलं. मला वाटलं शाबासकी असेल.

"कारण सापडलं, मान्य," ते म्हणाले. "पण सोमवारचं काय करू या? रात्री दुसरंच काही झालं तर? कोणीतरी जागं असलेलं बरं. नाही का?"

मी पर्स त्यांच्या टेबलावर ठेवली, भांडायच्या तयारीने. पण सरांचा चेहरा बघितला आणि रागावता येईना. तो चेहरा मला ओळखीचा होता, रोज पहाटे आरशात दिसतो.

"जागायची गरज नाही, सर," मी शक्य तितक्या शांतपणे म्हटलं. "मी सूचना लावून ठेवलीय. तिकिटाला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागायला लागला की फोन वाजेल. काही झालं नाही तर वाजणार नाही. न वाजलेला फोन म्हणजे सगळं ठीक."

"फोन कोणाचा?"

"अजून नंबर घातलेला नाही. ज्याला सगळ्यात जास्त काळजी आहे त्याचा घालावा म्हणते."

सर माझ्याकडे बघत राहिले. "मी झोपलेला असेन हो."

"मीही, सर," मी म्हटलं. "निदान तसा बेत आहे."

बाहेर कोणीतरी दिवे घालवायला लागलं होतं. सरांनी टेबलावरचा कागद ओढला, त्यावरच्या रात्रपाळीवर, नाइलाजाने का होईना, एक आडवी रेघ मारली. मग स्वतःचा नंबर मला सांगितला, हळूहळू, एकेक आकडा, आणि बरोबर लिहिलाय ना ते परत वाचून दाखवायला लावलं.