आपत्ती दाखवा

ज्या वर्षी मुकादमाच्या लेकीला जुळी झाली, त्या वर्षी पालिकेच्या रोखपालाचे पुढचे दोन दात पडले. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. पगाराची तारीख कधीच उलटली होती. खिडकीसमोर कामगारांची गर्दी जमली होती आणि रोखपालाने आतून नुसतं सांगितलं, पैसे आले की कळवू. हे तो तिसऱ्यांदा सांगत होता. एका सफाईवाल्याने गजांतून हात घालून त्याची कॉलर धरली, त्याला पुढे ओढलं आणि त्याचं तोंड गजावर आपटलं. मग पुन्हा आपटलं. बाकीचे बघत राहिले. कुणी हसलंसुद्धा.

मुकादम आपल्या टोळीच्या पगाराचं विचारायला आला होता. त्याने गर्दीत घुसून सफाईवाल्याच्या कानाखाली अशी एक दिली की तो पायरीवर बसला आणि बराच वेळ उठलाच नाही.

"तो काय त्याच्या खिशातून देणार आहे?" मुकादम म्हणाला.

"मग कुणाच्या खिशातून देणार तेवढं सांग," पायरीवरून आवाज आला. "तुझ्या मेहुण्याच्या?"

मुकादमाने आपला रुमाल गजांतून आत टाकला. रोखपालाने तो तोंडाला लावला आणि खिडकी ओढून घेतली.

मुकादम पालिकेच्या पाडकाम टोळीचा प्रमुख होता. मोडकळीला आलेलं घर, झुकलेली भिंत, बेकायदा गाळा, काहीही पाडायचं असलं की त्याला बोलावणं जायचं. गावभर त्याला घण म्हणत. बोलणं कमी, हात जड. एकदा टेकू काढताना डाव्या हाताची करंगळी गेली होती. ती कुठे गेली असं कुणी विचारलं की तो म्हणे, कामावर आहे.

मेहुणा म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो नगरसेवक होता आणि पालिकेच्या अर्थ समितीचा सभापती. दरवर्षी अंदाजपत्रक वाचताना तो शेवटी चष्मा काढायचा आणि म्हणायचा, "आणि वर्षअखेर शिल्लक." लोकांनी त्याचं नावच शिल्लकराव ठेवलं होतं.

ही शिल्लक कुठून येते हे मुकादमाला ठाऊक होतं, कारण ती त्याच्या हातून येत होती. घरपट्टी वाढवली तर मतं जातात, म्हणून मेहुणा ती वाढवत नसे. वर्षाच्या सुरुवातीला येणारा पैसा फुगवून लिहायचा, आणि वर्ष सरत आलं की तिजोरीत खडखडाट. पण पालिकेचा एक राखीव निधी होता. जुन्या माणसांनी कधीतरी ठरवून दिलं होतं की दरवर्षी थोडा पैसा बाजूला काढायचा आणि शहरावर आपत्ती आली तरच त्याला हात लावायचा. मेहुण्याने यातली फट शोधली. आपत्ती लहान असावी की मोठी, हे कुठे लिहिलं नव्हतं. मग एका वर्षी बाजारामागची भिंत कोसळली. एका वर्षी नाल्यावरचा पूल खचला. आपत्ती जाहीर झाली, निधी उघडला, भिंतीला चार विटा लागल्या आणि बाकीच्या पैशातून पगार झाले. कागदावर 'कोसळली' असं होतं. पाडली मुकादमाने. माणसं नसताना, दोरी बांधून, नीट. कुणाला खरचटलंही नव्हतं, आणि याचा त्याला थोडा अभिमानच होता. शेवटी पगार त्याच्या टोळीचेही होत होते.

दात पडले त्या संध्याकाळी मेहुणा जुळ्यांना बघायला आला. दोन खुळखुळे आणले होते. दोघांच्याही हातात दिले, दोघांनीही टाकून दिले.

"माझ्यावर गेलेत," तो म्हणाला. "दिलेलं ठेवत नाहीत." मग चहाचा कप हातात घेऊन, भाजीचं विचारावं तसं त्याने विचारलं, "दाजी, यंदा काय पडण्यासारखं आहे?"

"आगारामागची जुनी पाण्याची टाकी," मुकादम म्हणाला. "केव्हापासून रिकामी आहे. खाली मोकळं आवार. रविवारी ओढली की झालं."

मेहुण्याने तोंड वाकडं केलं. "रिकाम्या टाकीने भागायचं नाही. नवीन लेखाधिकारी बाई आल्यात. मागचे सगळे कागद काढून बसल्या. मला म्हणतात, ओसाड जागेत भिंत पडली तर ते पाडकाम झालं, आपत्ती नाही. कुणाचं काय गेलं ते दाखवा. आपत्ती दाखवा, मगच सही करीन."

"मग नका करू म्हणावं."

"पगार?"

"घरपट्टी वाढव."

"म्हणजे मी घरी बसतो," मेहुणा हसला. "टाकीखाली उतारावर वस्ती आहे ना? टाकीत जरा पाणी असतं तर घराघरात शिरलं असतं. चार भांडी वाहिली असती. मरत कुणीच नाही, दाजी. नुसतं ओलं होतं."

मुकादमाने कप खाली ठेवला. "माझ्या हातून माणसांवर काही पडलेलं नाही. पडणारही नाही. रिकामी टाकी, मोकळं आवार. पाहिजे तर घे, नाहीतर दुसरा माणूस बघ."

"बरं बाबा, रिकामी तर रिकामी," मेहुणा म्हणाला आणि उठला. जाताना दारात जावयाशी दोन शब्द बोलला. मुकादमाने ते पाहिलं, पण मामेसासरा आणि जावई बोलणारच, असं त्याला वाटलं.

जावई पाणीखात्यात होता. कुठल्या भागाला केव्हा पाणी सोडायचं आणि केव्हा तोडायचं, ते रस्त्यातल्या झाकणाखालच्या चाव्या फिरवून तो करायचा. हाडकुळा, थट्टेखोर पोरगा. पण रोजंदारीवर. बायको-पोरं सासऱ्याच्या घरी, दुधाची पावडर सासऱ्याच्या पैशाची, आणि स्वतःचा पगार नाही. हल्ली तो जेवताना मान वर करत नसे. मुकादम त्याला कधी अरे-तुरे करत नव्हता. जावईबापू, तुम्ही, असंच बोलायचा. जावयाचा मान ठेवायचा म्हणून, आणि लेकीला बरं वाटावं म्हणून.

शनिवारी टोळीने टाकीच्या पायांना हात घातला. आवाराकडचे दोन खांब अर्ध्याहून जास्त फोडले, आतल्या सळ्या तेवढ्या ठेवल्या. रिकाम्या टाकीला तेवढं पुरे होतं. रविवारी सकाळी तारेचा दोर बांधून ट्रकने ओढायचं, की ती गुडघे टेकून आवारात बसणार होती.

रविवारी मुकादम टोळीच्या आधी पोचला. खांबाजवळ जाऊन त्याने नेहमीसारखा हात लावला आणि हात तसाच राहिला. खांब ओला होता. वरून एक काळी रेघ खाली आली होती, बोटभर रुंद. त्याने वर पाहिलं. टाकीच्या पोटातून बारीक करकर येत होती, ओझं घेतलेल्या माणसाच्या दातांसारखी.

तो पळाला. टाकीच्या बरोबर खाली, जमिनीत अर्धी गाडलेली पाण्याच्या चाव्यांची खोली होती. दार उघडं होतं. आत जावई उकिडवा बसला होता. लांब लोखंडी चावी झडपेत अडकवलेली, आणि नळातून पाणी धडधडत वर चाललेलं.

"बंद करा," मुकादम म्हणाला. "जावईबापू, बंद करा ते."

"थोडंच राहिलंय, बाबा. काठापर्यंत आलं की मीच तुम्हाला सांगणार होतो."

"खांब फोडलेत मी. दोन्ही. भरलेली पेलणार नाही ती."

जावयाचा चेहरा पडला, पण हात चावीवरून निघाला नाही. त्याला वाटलं, सासरा घाबरवतोय. पाणीखात्यातल्या माणसाला टाकी म्हणजे पाणी. टाकी भरायची असते, एवढंच त्याला माहीत. ती कशावर उभी असते हे बघायचं त्याच्या मनातच आलं नव्हतं. अंधारात येऊन त्याने झडप उघडली होती आणि खांबांकडे पाठ करून बसला होता.

"मामांनी सांगितलंय," तो म्हणाला. "तुम्ही ओढाल तेव्हा भरलेली पाहिजे. मला कायम करणार आहेत ते. बाबा, एवढं एक होऊ द्या. माझ्या पोरांना मीच खायला घालीन."

"चावी दे."

"नाही देत."

"दे रे भडव्या."

पहिल्यांदाच त्याने त्याला अरे म्हटलं. जावई उठला. त्याने चावी झडपेतून उपसली आणि दोन्ही हातांनी फिरवली. ती मुकादमाच्या खांद्यावर बसली. हाड मोडल्याचं त्याला ऐकू आलं. उजवा हात लोंबला. मुकादमाने डाव्या हाताने पोराचा गळा धरून त्याला भिंतीवर दाबलं, डोक्याने त्याच्या नाकावर मारलं, आणि तरी तो चावी सोडेना म्हणून बूट उचलून त्याच्या गुडघ्यावर हाणला. गुडघा उलटा वळला. पोरगा किंचाळून खाली पडला आणि चावी सुटली.

मुकादमाने एका हाताने, छातीने रेटून, झडप बंद केली. धडधड थांबली. वरची करकर थांबली नाही.

"रिकामी कुठून करायची?" तो ओरडला. "लवकर सांग. कुठून?"

"बाहेर," जावई म्हणाला. तोंडात रक्त होतं. "कुंपणाच्या भिंतीजवळ. झाकण आहे. उलटी फिरवा. बाबा, मला उठता येत नाही."

"आलो. ती उघडून आलो."

तो बाहेर धावला. झाकण काढलं, चावी बसवली. गंजून घट्ट बसलेली झडप एका हाताने हलेना. त्याने चावीवर सगळं अंग टाकलं. ती जरा फिरली, पाणी सुटलं, मनगटाएवढं. तेवढ्यात पहिली सळी तुटली. बंदुकीसारखा आवाज झाला. मग दुसरी. मुकादमाने चावी टाकली आणि खोलीच्या दाराकडे पळाला. दारात पोरगा कोपरांवर सरपटत येत होता. त्याने हात पुढे केला होता. टाकी आवाराकडे झुकली नाहीच, ती जागच्या जागी खाली बसली. दार गेलं, हात गेला, आणि फुटलेल्या पोटातून आलेल्या पाण्याने मुकादमाला उचलून कुंपणाच्या भिंतीवर फेकलं.

पाणी भिंत फोडून उतारावरच्या वस्तीत शिरलं. माणसं अंथरुणातून उठत होती. दारं मोडली, चुली वाहून गेल्या, एका म्हातारीचे दोन्ही पाय पेटीखाली चिरडले. लोक छपरांवर चढून शिव्या देत होते.

टोळी आली. मुकादम मोडक्या खांद्याने दगड ओढत होता. त्याला बाजूला करायला गेलेल्या माणसाचा ओठ त्याने फोडला, मग कुणी गेलं नाही. पोरगा सापडला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. चादर टाकायची वेळ आली, पण कुणाकडे कोरडी चादर नव्हती.

मेहुणा आला तो लेखाधिकारी बाईंना घेऊनच आला. बाई चिखलात उभ्या राहिल्या. त्यांनी म्हातारीचे पाय पाहिले, काँक्रीटखालून काढलेलं ते पाहिलं, आणि तोंडावर पदर धरला. "होय," त्या म्हणाल्या. "ही आपत्ती आहे." त्यांचा दोष नव्हता. त्यांनी जे मागितलं होतं ते त्यांच्यासमोर होतं.

मेहुणा मुकादमाजवळ बसला. "दाजी, मला काय माहीत तुम्ही खांब आधीच फोडले असतील. मला वाटलं ओढायच्या वेळी फोडता. पहिली मदत त्याच्या घरात देतो. लेकीला नोकरी. कायम."

मुकादम उठला आणि घराकडे चालू लागला.

लेक घरी दोन्ही पोरांना एकाच वेळी पाजत होती. तिने एवढंच विचारलं, "पळता नाही आलं का त्याला?" मुकादमाने खांदा बांधलेल्या अवस्थेत भिंतीवर डोकं आपटून घेतलं. बायकोने त्याला धरलं, तेव्हा त्याने तिलाही ढकललं. ती चुलीच्या कडेवर पडली. ती उठली आणि पुन्हा धरलं.

पुढच्या सोमवारी पगार झाले. रोखपालाने, दात नसल्याने फसफसत, एकेकाचं नाव पुकारलं. सफाईवाल्याने पैसे घेतले आणि तिथेच उभा राहून रडला. मुकादमाचं पाकीट खिडकीतच राहिलं.

त्याच दुपारी सभागृहात अंदाजपत्रक होतं. मुकादम डाव्या हातात घण घेऊन जिना चढला. दारावरच्या शिपायाने त्याला अडवलं नाही. त्याला वाटलं, काहीतरी पाडायला बोलावलं असेल.

मेहुणा उभा राहून वाचत होता. आपत्ती निधीतून इतकी रक्कम वर्ग, पगार इतके, दुरुस्ती इतकी. त्याने मुकादमाला पाहिलं आणि वाचता वाचता हाताने खूण केली. "बसा दाजी, संपतच आलंय." मग चष्मा काढला. "आणि वर्षअखेर..."

पहिला घाव मेजावर बसला. मेज मधोमध चिरलं, पाण्याचा तांब्या उडाला.

"गुडघा मी फोडला," मुकादम म्हणाला. "पाणी तू भरलंस."

"दाजी, ताईचं तोंड बघा. मी तिचा एकच भाऊ आहे."

"त्याला पण दोनच पोरं होती."

दुसरा घाव एका हाताने घातलेला, म्हणून तिरका पडला. मेहुण्याच्या छातीत बसला. तो खुर्चीसकट मागे गेला. तिसरा घालायला मुकादमाने हात उचलला तोवर चार सदस्य आणि शिपाई त्याच्या अंगावर पडले. त्यांनी त्याला खाली पाडून तुटलेल्या खांद्यावर लाथा घातल्या. त्याने हात वर केला नाही.

मेहुण्याला खाली नेलं. मग सदस्य शेजारच्या खोलीत बसले, कारण वर्षाचा तो शेवटचा दिवस होता. अंदाजपत्रक एकमताने मंजूर झालं. निधीत काही उरलं नाही.

जावई रविवारी सकाळी टाकीखाली मेला. मेहुणा पुढच्या सोमवारी, दिवे लागायच्या आत, पालिकेच्याच दवाखान्यात मेला. जुळी तेव्हा महिन्याचीही झाली नव्हती.