सिलिंडरवर कृपा झाली त्याची गोष्ट

काट्यावर लाल आकडा चमकला, एक्कावन्न पूर्णांक दोन, आणि शेडमधली शंभर-सव्वाशे माणसं एकदम उठून उभी राहिली. "वाढलं! वाढलं!" टाळ्या काय, शिट्ट्या काय! एका बाईनं तर काट्यालाच कुंकू लावलं. काट्यावरचा हडकुळा माणूस वाकून महाराजांच्या पाया पडला, तेव्हा त्याच्या पाठीचे मणके शर्टातून मोजता येत होते. पण बघतंय कोण? सगळ्यांच्या नजरा आकड्यावर.

मी बघत होते. माणूस किती खातो आणि त्याच्या अंगाला किती लागतं, हे ओळखण्यात माझी वीस वर्षं गेलीत. मी इंदुताई. काळेवाडीत माझी मेस आहे. चाकणच्या कंपन्यांतली माणसं शिफ्टप्रमाणे माझ्याकडे जेवून जातात. मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते.

या महाराजांचं नाव हरिहर. बंद पडलेल्या वर्कशॉपच्या शेडमध्ये दर गुरुवारी दुपारी त्यांचा दरबार भरायचा. वाळलेल्या माणसांचं वजन वाढवून देतो म्हणे! येणाऱ्यांत कुणाला टीबी होता, कुणाला साखर, आणि बरेच जण एचआयव्हीचे. महाराजांना नेमके हेच हवे होते. ज्याला आपला आजार लपवायचा असतो, तो फसला तरी चारचौघांत बोंब मारत नाही. काय डोकं आहे बघा मेल्याचं!

"शरीर म्हणजे काय?" महाराज गरजायचे. "शरीर म्हणजे मशीन! रोज गोळ्या घालता, मशीनला हीट होते, खाल्लेलं सगळं जळून जातं. मी काय देतो? कूलंट! ही विभूती म्हणजे ब्रह्मांडाचं कूलंट!"

कामगार माना डोलवायचे. कूलंट म्हणजे मशीन तापू नये म्हणून सोडतात ते गार पाणी; तो शब्द ऐकला की त्यांना सगळं समजल्यासारखं वाटायचं. मग नियम यायचे, ते मला मागाहून कळले. दवाखान्याच्या गोळ्या बंद. अंडं बंद, तेल बंद, शेंगदाणा बंद. एक वेळ मुगाचं पाणी आणि चिमूटभर विभूती. आणि शेवटचा नियम, बोट वर करून: "दुसऱ्या काट्यावर पाय ठेवायचा नाही! ठेवलात की कृपा लीक!"

त्या माना डोलवणाऱ्यांत माझा सख्खा धाकटा भाऊ होता. रणजीत. माझ्याकडेच राहतो, चाकणला सीएनसी मशीन चालवतो. चार वर्षांपूर्वी त्याला एचआयव्ही निघाला. हे मला माहीत, त्याला माहीत आणि सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक नीलिमा मॅडमना. गावी औशाला आईलासुद्धा सांगितलेलं नाही. गोळ्या सुरू होत्या, तब्येत सावरली होती. उन्हाळ्यात तोंड आलं, जेवण तुटलं, वजन शेहेचाळीसवर आलं. मॅडम म्हणाल्या होत्या, खाणं वाढवा, होईल नीट. पण त्याला घाई. कंपनीतले विचारायला लागले होते ना, "काय रे भावा, सुकलास का?"

मंगळवारी तो माझ्यापुढे पट्टा घेऊन आला. "अक्का, एक भोक पाडून दे."

मी गॅसवर खिळा तापवायला धरला. "बाहेरच्या बाजूला?"

"आतल्या."

खिळा तसाच हातात राहिला. "का रे? तुझं वजन वाढलंय ना?"

"वाढलंयच. तीन गुरुवारांत चार किलो. पन्नास झालो मी."

"आणि पँट ढिली होते?"

"महाराज म्हणाले, कृपा आधी हाडांत भरते. अक्का, आकडा डिजिटल आहे. मी माझ्या डोळ्यांनी बघितला."

"तुझ्या कंपनीत मीटर चुकलं तर?"

"चुकत नाही. दर सहा महिन्यांनी मास्टर पीस, म्हणजे नेमक्या मापाचा तुकडा, लावून तपासतात. स्टिकर नसलेल्या मीटरला आम्ही हात लावत नाही."

"मग महाराजांच्या काट्याला कुणी लावला मास्टर पीस?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही तरी विटाळलं. "देवाच्या काट्याला तपासायचं असतं होय?"

त्याच दिवशी भाकरीच्या पिठाच्या डब्यात माझ्या हाताला बाटली लागली. गोळ्यांची. जवळजवळ भरलेली. नीलिमा मॅडमना फोन केला, तर त्यांचा आवाज चढला. "तीन आठवडे? इंदुताई, गोळ्या थांबल्या की विषाणू पुन्हा जोर धरतो. प्रतिकारशक्ती ढासळते, टीबी गाठतो. त्याला आत्ताच्या आत्ता घेऊन या."

मी त्याला हात जोडले, शिव्या दिल्या, रडलेसुद्धा. "तो आकडा खोटा आहे हे दाखव," म्हणाला, "त्याच दिवशी दवाखान्यात येतो. नाही तर नाव काढू नकोस."

बुधवारी सकाळी घरचा गॅस आला. मी वजन केल्याशिवाय सिलिंडर घेत नाही, हे आमच्या गॅसवाल्याला पाठ आहे. त्यानं कुरकुर करत ताणकाटा लावला. रिकाम्या टाकीचं वजन कड्यावर लिहिलेलं असतं, पंधरा पूर्णांक चार. आत गॅस चौदा पूर्णांक दोन. एकूण एकोणतीस पूर्णांक सहा. काट्यावर तेवढंच भरलं. मी सिलिंडरकडे बघत उभी राहिले आणि मला हसूच फुटलं. रणजीत, अरे बाबा, हा घे तुझा मास्टर पीस! याला ना आजार, ना श्रद्धा. आणि याच्यासाठी कुणाची लपवलेली गोष्ट चव्हाट्यावर आणायला नको.

गुरुवारी गणराजच्या खांद्यावर सिलिंडर देऊन मी शेडमध्ये शिरले. गणराज हा मावळातला हमाल, माझ्याकडे जेवणारा. "भंडाऱ्याला गॅस अर्पण करायचाय," म्हटलं, तर आम्हाला थेट पुढे बसवलं. काट्यापाशी सोपानराव उभा. हा महाराजांचा कारभारी. पूर्वी भंगार विकत घ्यायचा, हे मला गल्लीतून कळलं होतं. वजन पुकारायचं कामही त्याचंच. तासभर मी त्याच्याकडेच बघत होते; तो एक्कावन्न पूर्णांक दोनवाला हडकुळा याच तासातला. दर माणूस काट्यावर चढला की याचा हात सदऱ्याच्या खिशात. तंबाखू काढतोय म्हणावं, तर तोंड रिकामं.

रणजीत चढला. सोपानरावचा हात खिशात गेला. आकडा झाला एक्कावन्न.

"एक्कावन्न!" महाराज ओरडले. "कूलंट पोचलं!"

जयघोष झाला. रणजीत उतरला, त्याच क्षणी मी गणराजला खूण केली. सोपानरावचा हात खिशातून बाहेर यायच्या आत सिलिंडर धाडकन काट्यावर बसला.

सदतीस पूर्णांक सहा.

"अगं बाई!" मी टाळ्या पिटल्या. "सीलबंद सिलिंडर, एकोणतीस किलो सहाशे ग्रॅमचा. चढल्या चढल्या आठ किलो वाढला! महाराज, यानं तर तुमची विभूती चाटलीही नाही!"

मागून कुणी तरी फिसकन हसलं. महाराजांचा चेहरा उतरला. "उतरवा ते! देवाच्या काट्यावर लोखंड?"

"राहू द्या की. अर्पण केलंय, मापात कमी नको. रणजीत, कड्यावरचं वजन वाच मोठ्यानं."

रणजीत वाकला. मशीनवरच्या माणसाची सवय, आकडा समोर आला की तो वाचणारच. "पंधरा पूर्णांक चार." पुढची बेरीज त्यानं मनात केली, ते मला त्याच्या तोंडावर दिसलं.

आणि तेवढ्यात सोपानराव घाबरला. हात पुन्हा खिशात. आकडा पडला: तेहेतीस. मग एकोणतीस पूर्णांक सहा. घाईत त्यानं आणखी एकदा दाबलं असावं, कारण आकडा सव्वीसवर जाऊन थांबला. सिलिंडर जागचा हललेला नव्हता.

"गणराज," मी म्हटलं, "सोपानरावांच्या खिशातली तंबाखू बघ जरा."

"व्हय ताई." त्यानं मनगट धरून वर केलं. मुठीत गाडीच्या चावीएवढा रिमोट होता. एक बटण आकडा वर न्यायचं, दुसरं खाली. काट्याच्या आत त्याचा भाग बसवलेला. लबाड भंगारवाले याच कळीनं गिऱ्हाइकाचं लोखंड हलकं करतात. इथं माणसं जड करत होते, एवढाच फरक.

आता गर्दी महाराजांवर धावून जाईल असं मला वाटलं होतं. कसलं काय! निम्मी माणसं खाली मान घालून दाराकडे सरकली. एक जण माझ्यावरच खेकसला, "बाई, आमची एक आशा होती, तीही मोडलीस!" मला त्याचा राग आला आणि दुसऱ्या क्षणी गलबलून आलं. आशा कसली, तुमच्या जिवाची दोरीच कापत होता तो महाराज!

महाराज मागच्या दारानं पळत होते. गणराजनं त्यांनाही धरून ठेवलं. पोलीस आले. जबाबात मी कुणाचं नाव घेतलं नाही, आजाराचंही नाही. फिर्याद माझी, साक्षीदार सिलिंडर.

रणजीत मात्र हलला नव्हता. त्यानं सिलिंडर ढकलायचा प्रयत्न केला, जमलं नाही. गणराजनं त्या दोघांना पोलिसांच्या हवाली केलं आणि तो उतरवला. रणजीतनं सोपानरावच्या हातून गळून पडलेला रिमोट उचलून माझ्या पदरात टाकला, काटा बंद करून पुन्हा चालू केला, आकडा शून्यावर आल्याचं नीट बघितलं आणि एकटा काट्यावर चढला.

त्रेचाळीस.

"तीन किलो गेले, अक्का," तो म्हणाला. "मी पट्टा बघितला होता. रोज बघत होतो." आणि एवढा मोठा माणूस, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडला.

त्याच दुपारी आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टर रागावले, रक्त तपासलं, थुंकी तपासली, गोळ्या पुन्हा सुरू केल्या. नीलिमा मॅडमनी खाण्याचं समजावलं, त्यात कसलाही चमत्कार नव्हता. एकदम पोटभर जात नसेल तर थोडं थोडं, पाच-सहा वेळा. डाळ घट्ट, वर चमचाभर तेल. अंडं, शेंगदाणे, केळं, दही. तोंड आलं असेल तर मऊ भात, खिचडी, आणि लगेच डॉक्टरांना सांगायचं. म्हणजे मी वीस वर्षं जे रांधतेय तेच! आता त्याच्या डब्यात रोज दोन अंडी आणि शेंगदाण्याची पोळी असते. तो वैतागतो, मी डबा रिकामा झालेला बघितल्याशिवाय गप्प बसत नाही.

चार महिने झाले. परवा दवाखान्याच्या काट्यावर सत्तेचाळीस भरले. महिन्याला एक किलो, इतकं सावकाश. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

माझं एवढंच सांगणं आहे. वजन वाढवणारा कुणी भेटला की त्याला दोन प्रश्न विचारा. काटा कुणी तपासला? आणि माझ्या गोळ्या बंद करून तुझं काय भलं होणार? उत्तराऐवजी तो रागावला, तर चप्पल घाला आणि सरळ दवाखान्याची वाट धरा. लाजू नका. आजार झाला यात लाज नाही, मला आता कळतंय; आम्ही गप्प राहिलो आणि त्या गप्प राहण्यावर तो महाराज पोट भरत होता.

काल रणजीत पुन्हा पट्टा घेऊन आला. मी खिळा तापवायला घेतला, तर म्हणाला, "नको अक्का, भोक नको पाडू. बाहेरचं जुनं होतं ना, तेच लागतंय आता."