बिनपाल्याचं तूप

हे उटीहून परत आले तेव्हा हातात उशीचा अभ्रा होता आणि अभ्र्यात गवत. लोक उटीहून निलगिरीचं तेल आणतात, बटाटे आणतात. आमच्या घरी गवत आलं. सासूबाईंनी अभ्र्यात डोकावून विचारलं, "गाईला आणलास काय रे, मौळी?" आमच्याकडे गाय नव्हती.

"क्लोव्हर आहे, आई," हे म्हणाले. "तीन पानांचं. तिकडे डोंगरावर उदंड उगवतं."

ही १९५६च्या मे महिन्यातली गोष्ट. हे कुंभकोणमच्या कॉलेजात रसायनशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर. अकरा वर्षं झाली होती. नळ्या यांनी धुवायच्या, आकडे यांनी काढायचे आणि निबंध छापून आला की त्यावर नाव वरच्यांचं. मी एकदा बोलून दाखवलं, तर म्हणाले, "रीत आहे ती." यांना राग का येत नाही याचाच मला राग येई. पण त्या वर्षी प्रोफेसर स्वतःहून म्हणाले होते, डिसेंबरात मद्रासला शास्त्रज्ञांची सभा आहे, ऑगस्टअखेर निबंध द्या, तुमच्या एकट्याच्या नावावर पाठवू. तेव्हापासून हे जेवताना गवत, अंघोळीला जाताना गवत.

मला समजलं ते एवढंच. तूप पडून राहिलं की हवेतला प्राणवायू त्याला हळूहळू खवट करतो. काही वनस्पतींत असं द्रव्य असतं की ते प्राणवायूला आडवं येतं. त्याला अँटिऑक्सिडंट म्हणतात. क्लोव्हरमध्ये ते भरपूर असणार असा यांचा कयास होता. तीन बाटल्यांत नुसतं तूप घालायचं, तीन बाटल्यांत क्लोव्हर घातलेलं, आणि सगळ्या कॉलेजातल्या उबेच्या पेटीत ठेवायच्या. नुसतं तूप आधी खवट झालं की काम फत्ते.

तूप अर्थात माझ्याकडे आलं. "वसंता, लोणी कढव. पण ऐक, त्यात काही म्हणजे काही घालायचं नाही."

"तुपात मी काय साखर घालणार आहे?" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी लोणी कढवलं. फेस बसला, तूप सोनेरी झालं, गाळून दिलं. बेरी राहिलेल्या कढईत सासूबाईंनी गरम भात कालवला. तो यांनी चाटूनपुसून खाल्ला, हात धुतले आणि तुपाची बरणी घेऊन कॉलेजात गेले.

दहा दिवसांत नुसतं तूप बिघडायला हवं होतं. दहा झाले, वीस झाले. हे रोज वास घेत, थेंब काढून तपासत. महिना उलटला. सहाही बाटल्या जशाच्या तशा. जुलै संपत आला तेव्हा हे एक नुसत्या तुपाची बाटली घेऊन घरी आले आणि ओसरीवर बसले. चपला काढायचं भान नव्हतं.

"क्लोव्हरनं काही होत नाही," म्हणाले. "घातलं काय, न घातलं काय, सारखंच. मी उगीच नाचलो."

मला फार वाईट वाटलं. अकरा वर्षांत मी यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

सासूबाईंनी बाटली उघडून नाकाशी धरली. "चोखट आहे की. खवट कसं होईल? पाला घातला नव्हे त्यात?"

"कसला पाला?"

"शेवग्याचा. ही घातली की."

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून फेस बसला की माझा हात परसातल्या शेवग्याच्या डहाळीकडे जातो. मूठभर पाला तुपात पडतो, चुरचुरतो, कुरकुरीत होतो, मग तूप गाळायचं. मी पाला 'घातला' असं मला वाटलंच नव्हतं. ते लोणी कढवणंच होतं. गोविंदपुरमच्या विठोबाच्या दिव्याला आम्ही तूप नेतो, तेही पाल्याचंच.

"मी सांगितलं होतं," हे हळू म्हणाले, "काही म्हणजे काही नाही."

चूक माझीच होती. पण मुकाट ऐकून घेणारी मी नव्हे. "त्या दिवशी कढईतला भात कोणी खाल्ला? त्यात कुरकुरीत काय लागत होतं? वरून आणखी मागितलात."

यांनी आईकडे वळून विचारलं, "पाला का घालतात, आई?"

"नाही घातलं तर खवट होतं."

"तुला कुणी सांगितलं?"

"हे काय सांगायचं असतं?"

हे हसायला लागले. आधी हळू, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला वाटलं, झालं, डोक्यावर परिणाम झाला. सासूबाई म्हणाल्या, "बेगीन जेवायला वाढ याला."

ऑगस्ट तेवढा हातात होता. हे बिनपाल्याचं तूप शोधायला निघाले. शेजारच्या घरात तुपात विड्याचं पान. दारासुरमला विणकरांच्या घरची सुंदरी यांच्या ओळखीची, ती मेथीदाणे टाकायची. तिला यांनी विचारलं, नुसतं कढवलेलं आहे का, तर ती म्हणाली, "का, आमच्या घरी मेथी नाही असं कुणी सांगितलं?" अख्ख्या कुंभकोणमात नुसतं तूप मिळेना. शेवटी यांनी स्वतः लोणी आणलं आणि आमच्याच चुलीवर कढवलं. फेस बसला. मी माझे दोन्ही हात पदरात गुंडाळून बसले होते. सासूबाईंना ते बघवेना, त्या उठून परसात गेल्या.

ते तूप पाच ठिकाणी वाटलं. एक नुसतं, आणि चारांत क्लोव्हर, शेवगा, मेथी, विड्याचं पान. मेथी आणि क्लोव्हर एकाच कुळातली असं हे म्हणाले, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "मग घरची सोडून उटीच्या भावकीकडे कशाला गेलास?"

नवव्या दिवशी हे धावतच घरी आले. नुसतं तूप खवट झालं होतं. एवढ्या आनंदानं नासकं तूप घरी आणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. सासूबाईंनी वास घेतला, नाकाला पदर लावला आणि मोठ्या समाधानानं म्हणाल्या, "बघ."

क्लोव्हर सतराव्या दिवसापर्यंत टिकलं, मेथीही त्याच्या आसपास. पान आणि शेवगा त्याच्याही पुढे गेले. उटीच्या गवतानं यांची लाज राखली, पण पहिला नंबर परसातल्या झाडाचाच. ऑगस्टच्या एकोणतिसाव्या तारखेला निबंध गेला. त्यावर नाव एकच होतं, यांचं.

निबंधाच्या शेवटी आभार मानायचे असतात. "तुझं नाव घालतो," हे म्हणाले. "तू पाला घातला नसतास तर मी गवतावरच थांबलो असतो."

मला मोह झाला. खोटं कशाला सांगू? पण मला पाला घालायला कुणी शिकवलं होतं? मी म्हटलं, "आईंचं घाला."

छापील प्रत पुढच्या वर्षी आली. सासूबाई स्वयंपाकघरात तूप गाळत होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. यांनी शेवटची ओळ वाचून दाखवली आणि तिचा अर्थ सांगितला. त्यांनी गाळणी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "माझं नाव कुठे आहे, दाखव."

यांनी दाखवलं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून बसल्या. बोट उचललं तेव्हा नावावर तुपाचा डाग पडला होता. त्या ओशाळल्या, पदरानं पुसायला लागल्या, तो डाग आणखी पसरला. हे म्हणाले, "असू दे, आई."

ती प्रत अजून माझ्या पेटीत आहे. कागद पिवळा पडला आहे. अधूनमधून काढते आणि त्या डागाला नाक लावून बघते. अजून खवट झालेला नाही.